समोरच्या गॅसवरचा तवा

नॉनस्टिक तवा कुठला घ्यावा हे विचारायला माझ्याकडे आजही बायका येतात. मी सगळं सांगते. आधी हातात धरून बघा, हलका लागला तर तिथेच ठेवा. उलटा करा, बूड सपाट आहे ना बघा, नाहीतर गॅसवर डुगडुगतो आणि एकाच जागी तापून करपतो. दांड्याचे खिळे आतल्या बाजूने वर आलेत का तेही बघा, कारण कोटिंग सुटायला तिथूनच सुरुवात होते. रिकामा तापवू नका, गरमागरम नळाखाली धरू नका, लाकडी उलथन्याशिवाय त्याच्या अंगाला काही लावू नका. एवढं सांगून झालं की शेवटचं सांगते. ज्या घराशी तुमच्या वाट्यांची देवाणघेवाण आहे, त्या घरातून तवा घेऊ नका. बायका हसतात. मी विनोद केलाय असं त्यांना वाटतं.

आम्ही नेरूळला राहायला आलो तेव्हा गाडी तिथपर्यंत नुकतीच यायला लागली होती. परळच्या एका खोलीत संसार केलेल्या मला दोन खोल्या आणि वेगळं स्वयंपाकघर म्हणजे राजवाडाच वाटला. ओटा काळ्या कडप्प्याचा होता आणि खिडकीतून लांबवर खाडी दिसायची. माणसं तेवढी नव्हती. निम्म्या फ्लॅटना कुलपं होती. जिन्यात कुणाच्या चपला वाजल्या तरी बरं वाटायचं. त्यामुळे समोरच्या दाराचं कुलूप एकदाचं निघालं आणि टेम्पोतून सामान उतरू लागलं, तेव्हा मी चहाचं पातेलं घेऊनच दारात उभी राहिले.

समोरची साताऱ्याकडची होती, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. तिचा नवरा पावणे एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात होता. तिथे तवे आणि कढयांवर ते काळं कोटिंग चढवायचे. ती मला पहिल्या दिवसापासून ताई म्हणाली, आणि मीही वेड्यासारखी ताई झाले. माझी आमटी तिकडे जायची, तिचा ठेचा इकडे यायचा. वाटी रिकामी परत करायची नाही, ही शिस्त तिच्या माहेरी होती तशीच आमच्या कोकणातही. घरात काही नसलं तर चमचाभर साखर घालायची, पण रिकामं भांडं दुसऱ्याच्या दारात न्यायचं नाही. आमच्या दोन दारांमध्ये एक वाटी कायम प्रवासातच असायची.

घावनं तिला मी शिकवली. तिला भाकरीचा हात, तांदळाच्या पातळ पिठाची तिला भीतीच. तिचं पहिलं घावन तव्यावरून निघालं ते खरवडून. "भाकरीवाल्यांनी भाकऱ्याच कराव्यात," म्हणून मी तिला चिडवलं. ती म्हणाली, "ताई, हात माझा वाईट नाय, तवा तुझा भारी हाय." तेव्हा मी तवा पुसत हसले होते. तिचं ते वाक्य मला नंतर नीट ऐकू आलं.

तवा भारी होताच. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, दोन बाजूंना दोन कान, काळाभोर आणि इतका जड की मनगट दुखावं. आईने त्याच्यावर उभा जन्म घावनं काढली होती. आम्ही नेरूळला घर घेतलं तेव्हा तिने तो जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि मालवणपासून एसटीत मांडीवर घेऊन आणला. "माका आता एवढो मोठो तवो कशाक? तू चालवतलंस मां?" म्हणाली. मी हो म्हटलं. त्याला एक खोड होती. मध्यापासून जरा बाजूला ओतकामात राहिलेला एक खड्डा होता, मसुराच्या डाळीएवढा. त्यात पीठ उतरायचं, त्यामुळे प्रत्येक घावनाच्या पाठीला एक छोटा तांबूस फोड उठायचा. आम्ही भावंडं त्याला तीळ म्हणायचो. तिळाचा तुकडा सगळ्यांत शेवटी खायचा, आणि दुसऱ्याचा पळवता आला तर पळवायचा. परळला राहायला आल्यावर वर्षानुवर्षं मी बिनतिळाची घावनं खाल्ली होती. नेरूळच्या ओट्यावर पहिलं घावन उलटलं आणि तीळ दिसला तेव्हा मी आमच्या ह्यांना हाक मारून तो दाखवला. ते म्हणाले, "तव्याला भोक पडलंय का?" अशा माणसाला काय सांगणार!

मग ह्यांच्या रक्ताच्या तपासणीत काहीतरी जास्त निघालं आणि डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितलं. त्या दिवसांत जिकडेतिकडे नॉनस्टिकचाच बोलबाला होता. थेंबभर तेलात डोसा कसा घसरतो, ते टीव्हीवरची बाई दाखवायची. मी ठरवलं, घ्यायचाच. पण मी काही कुणी चकचकीत दाखवलं की भुलणाऱ्यातली नाही. वाशीच्या मार्केटात मी इतके तवे उलटेपालटे केले की एका दुकानदाराने मला तुम्ही कंपनीकडून आलात का असं विचारलं. कुठे पत्रा पातळ होता, कुठे दांडा हलत होता, तर कुठे किंमतच अशी की तवा शोकेसमध्ये ठेवावा लागला असता. टिकाऊ काय, ते कुणी छातीवर हात ठेवून सांगत नव्हतं.

हे सगळं मी समोरचीला सांगायची. एका दुपारी ती म्हणाली, "अगं, दुकानात कशाला मरायला जातेस? आमच्या ह्यांच्या कारखान्यात स्कीम निघालीय. जुना तवा द्यायचा, नवा घ्यायचा. डायरेक्ट माल, जाड कोटिंग. मी घरी तोच वापरते ना." बोलणाऱ्याची माती खपते म्हणतात, आणि हिची जीभ तर मधात बुडवलेली. तिने आणलेला तवा मी हातात धरला. जड होता. बूड सपाट होतं. खिळे मात्र आतून दिसत होते. मी तसं म्हटलं तर ती म्हणाली, "ते दिसणारच गं, पक्के बसवलेत." मला ते पटलं. पटलं म्हणजे काय, तिने म्हटलं म्हणून पटलं.

स्कीममध्ये द्यायला मी माझा पोळ्यांचा पत्र्याचा तवा काढला. तिने तो उचलून बघितला आणि ओठ मुरडले. "ह्याला कोण विचारतंय? तिकडे वजन बघतात. तो बिडाचा दे ना, तसा पण आता तू थोडीच त्याच्यावर तेल ओतणारेस."

मी नाही म्हटलं. आईचा आहे, म्हटलं.

"मग ठेव की. पण मावशी काय रोज बघायला येतायत? आणि पावसाळ्यात त्याला गंज किती चढतो, तूच रडत होतीस." मग माझा चेहरा बघून तिने माझ्या हातावर हात ठेवला. "असं करू. तवा मी लगेच नाय धाडत कारखान्यात. बाजूला काढून ठेवते. नवा नाय पटला तर तुझा तुला परत. मग तर झालं?"

मी देते तेव्हा तिच्या शब्दावर देते आहे, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तर तिने तो शब्द दिला. मी तवा धुतला, पुसला, वर तेलाचं बोट फिरवलं आणि आईने आणला होता त्याच लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून तिच्या हातात ठेवला.

नव्या तव्याला मी काय जपलं! सोवळ्यातलं भांडं असावं तसं. भांडी घासायला येणाऱ्या बाईंना त्याला हात लावायची बंदी होती. मी स्वतः मऊ फडक्याने तो धुवायची आणि वर कागद ठेवून टांगायची. आमचे हे म्हणायचे, "मला कधी एवढं जपलं नाहीस." नव्याचे नऊ दिवस मजेत गेले. डोसा खरंच घसरायचा. मग दांड्याजवळ, बरोबर त्या खिळ्यांशी, एक बारीक पापुद्रा सुटला. पावसाळा संपेपर्यंत तव्याला चट्टे पडले आणि डोशाच्या पाठीला काळी कुसळं चिकटून यायला लागली. ज्या माणसाच्या पोटात तेल जाऊ नये म्हणून तवा आणला, त्याच्या पोटात मी तव्याचीच साल घालत होते.

मी तवा घेऊन समोर गेले. तिने तो उजेडात धरला, मान हलवली आणि म्हणाली, "ताई, तुझा हात जड पडतो गं. माझा बघ." तिने आपला तवा फडताळातून काढून दाखवला. काळा, गुळगुळीत, एक ओरखडा नाही. एकाच कारखान्यातले दोन तवे! मला इतकं खजील वाटलं की घरी येऊन मी भांडी घासणाऱ्या बाईंनाच फैलावर घेतलं. त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "मी त्याला हातच कवा लावलाय, ताई? तुमी लावून दिलाव का?" आणि ते खरंच होतं.

मग मी समोरचीला म्हटलं, जाऊ दे, माझा तो बिडाचा दे परत. ती खाली बघून पदराशी चाळा करत म्हणाली, "अगं, तो गेला. ह्यांनी मला न विचारताच नेला. भट्टीत पण गेला असंल एव्हाना." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं सांगते, पाणी होतं. मीच तिला म्हटलं, असू दे, तू तरी काय करणार. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, पण तिच्यावर राग असा आला नाही. उलट आपल्यासाठी ती नवऱ्याशी भांडली असेल, असंच मला वाटत राहिलं.

पुढे कधीमधी सकाळी समोरून घावनांचा वास यायचा. मी म्हणायचे, शिकली हो पोरगी. तिला विचारलं तर म्हणायची, "नॉनस्टिकवर कसली भारी होतात गं! तुझा टिकला असता तर तुझी पण झाली असती."

दिवाळीनंतर आई आली. तिच्यापासून काय लपवणार? पिशवी खाली ठेवायच्या आत तिने ओट्याकडे बघितलं आणि विचारलं, "तवो खंय?" मी सांगितलं. नवा घेतला, जुना द्यावा लागला, तो भट्टीत वितळवला. आईने रिकाम्या ओट्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "गंजलेलो चालतो, गो. फुटलेलो पण चालतो. वितळवलेलो काय करू?" पुढे तिने तो विषय काढला नाही. ती गप्प बसली हेच मला जास्त लागलं. त्यापेक्षा चार शब्द बोलली असती तर परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. समोरची दारात उभी होती, हातात स्टीलचा डबा आणि वर नारळाच्या रसाची वाटी. "मावशी आल्यात ना? म्हटलं, त्यांची लेक त्यांना घावनं कुठून करून घालणार! मी केलीत, गरम आहेत तवर दे." डबा माझ्या हातात देऊन ती गेलीसुद्धा, तिचा गॅस चालू होता म्हणे. मला भरून आलं. मी आईला म्हटलं, बघ, माणसं कशी आहेत आमच्याकडे.

आईने डबा उघडला. वरचं घावन उचललं, घडी मोडली आणि सवयीने पाठ उलटी केली. तिचा हात तसाच राहिला. मग तिने दुसरं उलटलं, मग तिसरं. मी मान वाकवून बघितलं. प्रत्येकाच्या पाठीवर, मध्यापासून जरा बाजूला, मसुराच्या डाळीएवढा तांबूस तीळ होता.

आईने फक्त माझ्याकडे बघितलं. मी तर उभीच्या उभी पेटले. तिचा तो ओरखडा नसलेला तवा मला आठवला. कसा पडणार ओरखडा? तिने तो कधी वापरलाच नव्हता! तिच्या डोळ्यांतलं पाणी आठवलं, ते शिकली हो पोरगी आठवलं. केसाने गळा कापणं नुसतं ऐकून होते. कापताना वर ताई म्हणतात, हे त्या दिवशी कळलं. मी दाराकडे धावले.

"थांब," आई म्हणाली. तिने घावनं ताटात काढली, डबा घासला, कोरडा केला आणि आपल्या पिशवीतून काजूगर काढून त्यात काठोकाठ भरले. मी ओरडलेच, "आई, तिला काजू?"

"रिकामो डबो न्हेऊचो काय?" ती म्हणाली आणि डबा घेऊन माझ्यापुढे चालू लागली.

समोरचं दार लोटलेलं होतं. आम्ही थेट स्वयंपाकघरात गेलो. गॅसवर आमचा तवा होता आणि ती पीठ सोडायला डाव उचलत होती. आम्हाला बघून तिचा हात थांबला. आधी तिचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. मग ती आईलाच म्हणाली, "मावशी, वाचवला मी तो. खरंच सांगते, नायतर भट्टीतच जाणार होता. ताईंनीच दिलेला."

"गेला म्हणून सांगितलंस तू मला," मी म्हटलं. "बाजूला ठेवते म्हणालीस, आणि मागायला आले तर रडून दाखवलंस."

"सांगितलं असतं तर तू परत मागितला असतास ना," ती म्हणाली. अगदी सरळ, जणू हेच कारण पुरेसं होतं. "आणि तेल न घालता तू त्याच्यावर काय काढणार होतीस? असा तवा आजकाल मिळतो का कुठं? माझ्या हाताला तो बसला, ताई. दुसऱ्या कशावर माझं घावन निघतच नाय."

मी आईला म्हटलं, "उचल तो. आत्ताच्या आत्ता घरी न्यायचा." आता आई हिला सोडत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. मालवणात आईच्या तोंडाला माणसं भ्यायची. मी तिच्या बोलण्याची वाट बघत उभी राहिले.

आईने तव्यावर बोट न टेकवता हात फिरवला, धग बघावी तसा. वाकून कड बघितली. मग म्हणाली, "कांदो आसा?" समोरचीने गोंधळून कांदा दिला. आईने तो अर्धा चिरला, काट्याला टोचला, तेलात बुडवला आणि तव्यावर गोल गोल फिरवला. "प्रत्येक वेळी असो फिरवूचो. आणि मिठान घासतस तां बंद कर, पोपडे धरतत." मग तिने डाव उचलला, पीठ सोडलं, झाकण ठेवलं, आणि घावन निघालं तसं उलटून तिला तीळ दाखवला. तिला, मला नाही. समोरची म्हणाली, "अय्या, हे कसलं? मी कधी बघितलंच नाय." आई तिला म्हणाली, "बरो ठेवलंस हां."

मी तिथून निघून आले.

आई मागून घरी आली, तशी मी तिच्याशी जेवढं भांडता येईल तेवढं भांडले. तिने मला फसवलं, तुझा तवा ढापला, आणि तू तिला काजू देऊन कांदा फिरवायला शिकवतेस? आई शांतपणे ताटातलं घावन खात होती. म्हणाली, "पेटत्या गॅसवरसून तवो उचलतत काय? आणि उचलून खंय ठेवणार होतंस? तू दिलंस, तिना चालवल्यान." मी म्हटलं, मी तिच्या शब्दावर दिला होता. आई म्हणाली, "मी पण तुका शब्दावरच दिलेलो." तीळ तिने शेवटी खाल्ला. मी त्या घावनांना हात लावला नाही.

समोरच्या घराशी माझं बोलणं त्या दिवशी संपलं. जिन्यात भेटली तर ती आधी ताई म्हणून बघायची, मग तीही थांबली. वाट्या बंद झाल्या. तिची एक वाटी माझ्याकडे राहिली होती. ती मी सोसायटीच्या वॉचमनकडून परत पाठवली, रिकामी. मला तेव्हा फार समाधान वाटलं होतं. पुढे मी नॉनस्टिक तवे पुष्कळ घेतले, एकाहून एक चांगले निवडून. वापरले आणि टाकले. निवडण्यात आता माझा हात कुणी धरणार नाही.

पुढच्या वर्षी आई पुन्हा आली. पिशवीतून तिने घावनांसाठी दळून आणलेलं तांदळाचं पीठ काढलं. दोन पुड्या होत्या. लहान पुडी तिने माझ्या ओट्यावर ठेवली आणि मोठी हातात घेऊन दाराकडे निघाली. मी विचारलं, "ही कुणाला?"

"समोर," ती म्हणाली. "तवो तिच्याकडे आसा मां."